रविवारची सागोती, मंगळवारचे नूडल्स

आमच्याकडे कोकणात रविवारी कोंबडी शिजली की मापात कधी शिजत नाही. जेवणारी चार माणसं असली तरी टोप सहा जणांचा चढतो, कारण ऐनवेळी ओटीवर कोण येऊन बसेल याचा नेम नसतो. पावसाळ्यात तर जास्तच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, बाजारात ताजी मासळी मोजकी आणि महाग, मग सगळा भार कोंबडीवर. वडे संपतात, सागोती, म्हणजे वाटपातला कोंबडीचा रस्सा, उरते. शिळी सागोती मुरते, चवीला चढते हे खरंच, पण दुसरा दिवस सोमवार आणि सोमवार पाळणारी घरं इकडे कमी नाहीत. टोप फ्रीजमध्ये तसाच बसतो. मंगळवारी संध्याकाळी झाकण उघडावं तर पोरांची तोंडं वाकडी. "परत तीच?"

त्या मंगळवारसाठी हे लिहितेय. स्वयंपाकाला नव्याने लागलेल्यांसाठी, त्यातही घरून डबा भरून आणून रत्नागिरी-चिपळूणला खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींसाठी. उरलेल्या मांसाचे परतलेले नूडल्स चिराचिरी धरून पाऊण तासात होतात, आणि त्यातलं कढईपुढचं काम जेमतेम सात-आठ मिनिटांचं असतं.

माझा भाचा असाच नोकरीला लागून खोलीवर राहत होता. एका संध्याकाळी फोन आला. "मावशी, आईने दिलेली सागोती आहे, नूडल्सचं पाकीट आहे. एकत्र केलं तर चालेल?" मी "चालेल की" म्हणून फोन ठेवला, ही माझी चूक. पठ्ठ्याने अख्खी सागोती कढईत ओतली, कोरडे नूडल्स वर टाकले आणि झाकण मारून क्रिकेट बघत बसला. अर्ध्या तासाने फोटो आला. पिठल्यात शेवया पडल्यासारखं काहीतरी होतं. खाल्लं त्याने, उपाशी कोण झोपतो, पण घरमालकिणीची कढई दोन दिवस भिजत पडली.

गोष्ट साधी आहे. गाड्यावरच्या नूडल्सना कोरडं मांस लागतं आणि आपलं मांस वाटपात बुडालेलं असतं. भाजलेलं खोबरं आणि कांदा यांचं वाटप पाणी धरून ठेवतं, मोठ्या आचेवर तळाला चिकटून करपतं आणि नूडल्सना पिठूळ करून टाकतं. तेव्हा पहिलं काम मांस आणि वाटप वेगळं करायचं. ते नीट जमलं तर पुढे बिघडण्यासारखं फारसं काही उरत नाही.

पण त्याआधी फ्रीजचा हिशेब

दुपारी जेवणं आटोपली की टोप ओट्यावर झाकून ठेवायचा आणि रात्री निजताना आठवलं की आत ढकलायचा, ही आपल्याकडची सवय. ती सोडा. शिजलेलं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल, म्हणजे आपला एप्रिल-मे, तर एक तासच. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू भराभर वाढतात. मोठा टोप तसाच आत ठेवला तर कडेचं गार होतं, मधलं मात्र कितीतरी वेळ कोमट राहतं. म्हणून सागोती पसरट डब्यांत काढा, थर तीन-चार बोटांहून जाड नको. फ्रीज ४ अंशांच्या आसपास असेल तर तीन ते चार दिवस ती चांगली राहते. रविवारची मंगळवारी निर्धास्त खा, बुधवारी संपवा. गुरुवार तसाही बऱ्याच घरांत पाळतातच.

आता लाइटचं. पावसात झाड तारेवर पडतं आणि वीज जाते, ती कधी येईल ते वायरमनलाही माहीत नसतं. दार उघडलं नाही तर फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. रात्री अकराला गेलेली लाइट सकाळी सहाला आली असेल तर ती सागोती गेली असं समजा. वास घेऊन ठरवू नका. काही जंतू असं विष सोडतात की त्याला वासही नसतो आणि ते उकळूनही जात नाही. "खळखळून उकळली की झालं" असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. त्यांच्या बाकीच्या सगळ्या गोष्टी मी ऐकल्या, ही नाही.

सामान, दोघांपुरतं

हक्का नूडल्सचं दीडशे ग्रॅमचं पाकीट. हाडं काढलेलं मांस एक मोठी वाटी, म्हणजे दीडशे ते दोनशे ग्रॅम. कोबी पाव गड्डा, एक गाजर, एक ढोबळी मिरची, एक कांदा, चार-पाच काड्या पातीचा कांदा. लसणीच्या आठ-दहा पाकळ्या, पेरभर आलं, हिरवी मिरची मानवेल तशी. सोया सॉस, व्हिनेगर, मिरपूड, दोन मोठे चमचे तेल. पातीचा कांदा मिळाला नाही तर अडून बसू नका. कोबी मात्र हवाच. नूडल्समध्ये दाताखाली कुरकुरणारं तेच असतं.

हक्का हे कलकत्त्यात येऊन वसलेल्या चिनी लोकांतल्या एका समाजाचं नाव. त्यांच्या हातचं खाणं हळूहळू देशभर पसरलं आणि आपल्या तिठ्यावरच्या लाल कंदिलाच्या गाडीपर्यंत आलं. पाकिटावर तो शब्द बघून घ्या. दोन मिनिटांत होणारे मसाला नूडल्स या कामाचे नाहीत, ते आधीच वाफवून तळलेले असतात आणि परतताना त्यांचा चुरा होतो.

शिरवाळे चालतील का, असं मला विचारणारे असतात. आपले तांदळाचे शिरवाळे म्हणजे घरचे नूडल्सच म्हणा ना. पण ते नाजूक, कढईत उलथणं लागलं की तुटतात. त्यांच्यावर नारळाचा गुळाळ रस हवा, फार तर गरम रस्सा. परतायच्या भानगडीत त्यांना पाडू नका.

मांस रश्शातून सोडवणं

फ्रीजमधून डबा काढलात की वर लालसर तवंग घट्ट बसलेला दिसेल. खोबऱ्याचं तेल २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यात कोंबडीची चरबी, त्यामुळे फ्रीजमध्ये त्याची वडीच होते. हा तवंग चमच्याने खरवडून वाटीत काढा. फेकू नका. मिरचीचा रंग आणि गरम मसाल्याचा वास तेलात उतरतो, म्हणजे रविवारच्या मालवणी मसाल्याचा सगळा अर्क या दोन चमच्यांत आहे. आपण परतायला तेच वापरणार आहोत. गाड्यावरच्या नूडल्सना ही चव कुठून येणार!

मग लागतील तेवढेच तुकडे चमच्याने बाहेर घ्या आणि डबा लगेच परत आत. सगळी सागोती गरम करायची, थोडी वापरायची, उरलेली परत गार करायची, हा खेळ करू नका. दर खेपेला ती जंतूंच्या तापमानातून वर-खाली होते.

थंड तुकड्यांवर वाटप भिंतीच्या गिलाव्यासारखं बसलेलं असतं, ओरबाडून निघत नाही. लहान पातेल्यात तुकडे घ्या, पळीभर पाणी घाला आणि मंद आचेवर ठेवा. तीन-चार मिनिटांत वाटप सैल होऊन खाली उतरतं. झाऱ्याने तुकडे उचलून चाळणीत ठेवा, खाली ताटली. हात लावण्याइतके निवले की बोटांनी उरलंसुरलं वाटप निपटून टाका. भाच्याने विचारलं होतं, नळाखाली धुतलं तर? धुऊ नका. वाटपाबरोबर मीठ-मसालाही वाहून जाईल आणि हातात राहील ते आजाऱ्याला द्यायचं मांस.

आता हाडं. मान आणि बरगड्यांच्या तुकड्यांत सुईसारखी बारीक हाडं असतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत. मांस सोडवून झालं की सगळं ताटात पसरून एकदा बोटं फिरवा. तांदूळ निवडतो तसं. नूडल्स माणूस भराभर गिळतो, वड्याबरोबर सागोती खाताना असते तशी सावध जीभ तेव्हा नसते.

ब्रॉयलर असेल तर ती एव्हाना सुटून आलेली असेल, तिचे जरा मोठे तुकडेच ठेवा, कढईत आणखी तुटतातच. गावठी कोंबड्याचं मांस चिवट असतं. त्याचे धागे कोणत्या दिशेने जातात ते बघा आणि त्यांना आडवं, पातळ कापा. उभं कापलंत तर एकेक धागा दातांत अडकतो. मटण असेल तर चरबीचे पांढरे गोळे बाजूला काढा आणि तुकडे चण्याएवढे बारीक करा.

सुकं उरलं असेल तर नशीब म्हणायचं, अर्धं काम वाचलं. तळलेली सुरमई किंवा बांगडा असेल तर काटे काढून कुस्करा आणि अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर वर टाका. कोळंबी मात्र या वाटेला नेऊ नका. दुसऱ्यांदा मोठ्या आचेवर गेली की रबर होते.

सोडवलेलं मांस पाच-दहा मिनिटं ताटात उघडं, पसरून ठेवा. तोवर नूडल्स.

नूडल्स उकडताना

मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी, चहाचा एक चमचा मीठ. पाणी खळखळल्याशिवाय नूडल्स टाकायचे नाहीत आणि टाकताना मोडायचे नाहीत. अर्ध्या मिनिटाने खालचे मऊ होतात, तेव्हा काट्या-चमच्याने वरचे आत ढकला आणि गुंता हलक्या हाताने सोडवा. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी एक धागा काढून नखाने तोडा. तुटलेल्या जागी मधोमध पांढरा ठिपका दिसला की गॅस बंद. उरलेलं शिजणं कढईत होतं.

लगेच चाळणीत ओता आणि वरून गार पाणी सोडून हाताने हलवा. नळाचं नको, पिण्याचं वापरा, पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ असतं. गार पाण्याने शिजणं थांबतं आणि वरचा चिकट पिठूळपणा धुतला जातो. पाणी पूर्ण निथळलं की मोठ्या ताटात काढून चमचाभर तेल चोळा आणि पसरा.

पहिल्यांदा केले तेव्हा नूडल्स उकडून झाले आणि लाइट गेली. मेणबत्ती शोधेपर्यंत ते गरम पाण्यातच राहिले. पाच मिनिटं असतील फार तर. बाहेर काढले तेव्हा त्यांची एकच लादी झाली होती, ती सुरीने कापून वाढली. तेव्हापासून चाळणी आधी मोरीत मांडते आणि मगच पाणी तापवायला ठेवते.

भाज्या या वेळात चिरून होतात. सगळ्या उभ्या, पातळ, नूडल्सच्या आकाराला जवळच्या. धुतलेला कोबी फडक्यावर टाकून कोरडा करा. कढईत गेलेलं पाण्याचं प्रत्येक थेंब आच खातं. लसूण ठेचू नका, बारीक चिरा. ठेचलेली लगेच करपते.

वाटीतला सॉस

हे मी आधीच मिसळून ठेवते, कारण कढईपुढे उभं राहिल्यावर बाटल्यांची झाकणं उघडायला वेळ नसतो. सोया सॉस दीड मोठा चमचा, व्हिनेगर चहाचे दोन चमचे, मिरपूड अर्धा चमचा, चिमूटभर साखर. मीठ नाही. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्येच दोन ग्रॅमहून जास्त मीठ असतं, आणि मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात आपल्या मांसाला रविवारचं मीठ आहेच. शेवटी चाखून लागलं तरच घाला. मला दहातल्या नऊ वेळा लागत नाही.

व्हिनेगर संपलं असेल तर कोकमाचं आगळ चहाचा एक चमचा. आगळात मीठ असतं, तेव्हा सोया सॉस थोडा कमी करा. रंग जरा जांभळट येतो, पण ती आंबट चव सागोतीच्या मसाल्याशी व्हिनेगरपेक्षा चांगली जुळते असं माझं मत. घरातल्यांचं मत वेगळं आहे.

कढईपुढे

लोखंडी कढई घ्या. नॉनस्टिक तव्याला इतकी आच सोसत नाही. गाड्यावरच्या भट्टीची ताकद घरच्या शेगडीत नाही, त्यामुळे एका वेळी दोघांपुरतेच परता. चौघांचे करायचे तर दोन घाणे करा. कढई गच्च भरली की भाज्या परतल्या जात नाहीत, वाफवल्या जातात आणि पाणी सोडतात.

कढई कोरडीच तापवा. पाण्याचा थेंब टाकला की नाचत पळाला पाहिजे. मग वाटीतला तवंग आणि एक चमचा तेल. तवंगात थोडं पाणी असतं, ते तडतडतं, जरा मागे उभं राहा. तडतड थांबली की मांस टाका, पसरा आणि हात मागे घ्या. नवशिक्याला हेच सगळ्यात जड जातं. एक मिनिट हलवायचं नाही. कोरड्या मांसाचा तळ तापलेल्या लोखंडाला लागला तरच त्याला तो खरपूस तपकिरी रंग येतो. सतत ढवळलंत तर ते नुसतं गरम होतं. आवाज ऐका. आधी ओला चर्रर्र असा येतो, मग तो कोरडा होत बारीक होतो. तेव्हा उलटा, आणखी अर्धं-पाऊण मिनिट ठेवा आणि ताटलीत काढा. फ्रीजमधलं मांस आतपर्यंत ७४ अंशांना पोहोचायला हवं. तुकडे पातळ असल्याने ते इथे आणि शेवटच्या परतण्यात मिळून होतं, तरी एखादा जाड तुकडा मोडून आत वाफ आहे ना बघा.

त्याच कढईत उरलेलं तेल, लसूण, आलं, मिरची. दहा-पंधरा सेकंद. लसूण पिवळी व्हायच्या आत कांदा. मग गाजर, मिनिटभराने कोबी आणि ढोबळी मिरची. आच पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठी. भाजी मऊ झाली पाहिजे असं वाटेल, पण वाट बघू नका. ती कच्ची वाटत असतानाच नूडल्स टाका.

नूडल्स ढवळायचे नाहीत, उचलायचे. दोन्ही हातांत दोन उलथणी किंवा एक उलथणं आणि एक काटा घेऊन तळापासून वर उचला आणि सोडा. सॉस मधोमध न ओतता कढईच्या कडेने फिरवत सोडा. तापलेल्या कडेवर तो क्षणात उकळतो, त्याचा कच्चा वास उडतो आणि तो धुरकट वास येतो ज्यासाठी आपण गाड्यावर जातो. मांस परत आत घाला, चार-पाच वेळा उचला, चाखा, पातीचा कांदा टाका, गॅस बंद. अंडं घालायचं असेल तर नूडल्सच्या आधी, भाज्या कडेला सारून मधल्या रिकाम्या जागेत फोडून खरडून घ्या.

लगेच वाढा. लोखंडी कढईत ठेवून दिलेत तर व्हिनेगरने नूडल्स काळपट होतात आणि तोंडाला लोखंडाची चव येते.

बिघडलंच तर

खारट झाले तर मूठभर कच्चा कोबी आणि असतील तर आणखी थोडे उकडलेले नूडल्स घालून परत परता. लिंबू पिळून खारटपणा जात नाही, नुसता झाकतो. ओलसर झाले तर झाकण ठेवू नका, कढईच्या कडांवर पसरून मिनिटभर तसेच सोडा. गोळा झाला असेल तर कढईत सोडवत बसू नका, चिंधड्या होतील. ताटात काढा, तेलाचा हात लावून बोटांनी सोडवा, मग परत आत. आणि वाटप राहून गेल्यामुळे पिठूळ झाले तर काही इलाज नाही. त्या दिवशी तसेच खा, पुढच्या खेपेला निपटताना जरा जास्त वेळ द्या.

पातेल्यात सैल झालेलं वाटप आणि डब्यातला रस्सा उरतो. काही जणी त्यातला चमचाभर नूडल्सवर घालतात, मी घालत नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी एकदाच, चांगला उकळून, घावण्यांबरोबर संपवते. परतलेले नूडल्स उरले तर मात्र पुन्हा ठेवायचे नाहीत. त्या मांसाच्या दोन फेऱ्या झाल्या, तिसरी नको.

कढई गरम आहे तोवरच पाणी टाकून काथ्याने घासा. साबण लागत नाही. मग परत गॅसवर ठेवून पुसून कोरडी करा आणि तेलाचं बोट फिरवा. आपल्या दमट हवेत ओली कढई रात्रभर राहिली तर सकाळी तिच्या तळाला गेरूसारखा तांबूस थर आलेला असतो, आणि तो घासायला नूडल्स करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.